मधल्या थांब्यावर उतरायचं नाही

कंट्रोलर त्या संध्याकाळी गप्प बसले असते, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण गप्प बसणं त्यांच्या नोकरीतच बसत नव्हतं. शहरातल्या मोठ्या बसस्थानकावर चार नंबरच्या फलाटाला लागून काचेची एक केबिन होती, केबिनमध्ये टेबल होतं, टेबलावर माईक होता आणि त्या माईकपुढे बसून त्यांचे केस आधी काळ्याचे पांढरे झाले होते, मग पांढरेही सोडून गेले होते. कुठली गाडी कुठून सुटते, कुठे किती थांबते, कुठल्या चढावर तिला धाप लागते, सगळं तोंडपाठ. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील, असं स्थानकावर म्हणत. (घरी कुणी उठवून विचारत नसे. ते झोपेत आपणहून सांगत.)

स्थानकावर सगळे त्यांना कंट्रोलरसाहेब म्हणत आणि त्यांच्या बायकोला शेजारीपाजारी कंट्रोलरीणबाई म्हणत. घरात कंट्रोल कुणाचा चालतो हे शेजाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं, तरी म्हणत.

तर झालं असं, की त्यांची एकुलती एक लेक परदेशात होती आणि तिचे दिवस भरत आले होते. जावई भला माणूस, पण लेकीला चक्कर आली की आधी त्यालाच धरावं लागे. "आई, तू येच," असं लेक फोनवर रडत रडत म्हणाली आणि बाईंनी त्याच दिवशी माळ्यावरची बॅग खाली काढली. कंट्रोलरांना रजा मिळेना. सुट्ट्यांचा हंगाम, जादा गाड्या सोडायच्या, आणि त्यांच्याशिवाय त्या सुटणार नाहीत असं साहेबांपेक्षा त्यांचंच ठाम मत होतं. शेवटी ठरलं की बाईंनी एकटीने पुढे जायचं आणि बाळ झालं की कंट्रोलरांनी मागाहून. जावयाने तिकीट काढून मोबाइलवर पाठवलं. बाई जन्मात कधी विमानात बसल्या नव्हत्या. कंट्रोलरही बसले नव्हते, पण ते त्यांनी कुणाला जाणवू दिलं नव्हतं.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बाई बॅगेच्या डोक्यावर बसून तिचं तोंड बंद करायच्या खटपटीत होत्या. कंट्रोलर मदत करत होते, म्हणजे समोर खुर्चीत बसून "डावीकडून दाब, डावीकडून" असं सांगत होते. तेवढ्यात त्यांच्या मनात आलं, अंतर किती आहे ते एकदा बघून तर ठेवावं.

एवढाच विचार. त्यात वावगं काय होतं? त्यांनी मोबाइलवर शोधलं, तर एक झकास जागा सापडली. कुठल्याही दोन विमानतळांची नावं टाका, मधलं अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ हजर! कंट्रोलरांना ती जागा इतकी आवडली की जिथे काळं कुत्रंही आपल्या ओळखीचं नाही अशा पाचसहा ठिकाणांची अंतरं त्यांनी आधी काढून घेतली. मग लेकीच्या गावाकडे वळले. अंतर दोन हजार चारशे किलोमीटर. वेळ सव्वातीन तास.

"छान," ते म्हणाले. सवयीने त्यांनी तिकीट उघडलं आणि ताडून पाहिलं. सुटणार सकाळी साडेनऊ, पोचणार दुपारी पावणेतीन.

त्यांनी बोटांवर मोजलं. मग दुसऱ्या हाताच्या बोटांवर मोजलं. सव्वापाच तास.

"दोन तास कुठे गेले?" ते एकदम ओरडले.

"गादीखाली बघा," बाई म्हणाल्या. त्या बॅगेची किल्ली शोधत होत्या. "तिथेच असेल सगळं."

"अगं, अंतराच्या हिशेबाने सव्वातीन तास लागतात आणि तिकिटावर सव्वापाच आहेत. वरचे दोन तास हे विमान करतं काय?"

"वर आहे तर वरच असेल."

कंट्रोलरांना चैन पडेना. आजवरच्या नोकरीत त्यांच्या हाताखालून कुणी वेळ चोरून नेला नव्हता. ड्रायव्हर म्हणायचा, टायर फुटला. कंट्रोलर विचारायचे, कुठला, आणि ड्रायव्हरने "पुढचा डावा" म्हणेपर्यंत कंडक्टरने "मागचा उजवा" सांगितलेलं असायचं. आणि इथे दिवसाढवळ्या दोन तास गायब! त्यांनी स्थानकावरच्या सर्वांत जुन्या ड्रायव्हरला फोन लावला. त्याला सगळे 'बुलेट' म्हणत, कारण त्याच्या गाडीला सायकलीही मागे टाकून जात.

"विमानाला दोन तास जास्त लागतायत, बुलेट. का लागत असतील?"

"साहेब, लांब पल्ल्याची गाडी आहे," बुलेट म्हणाला. "मधे थांबा असणारच. ड्रायव्हर काय उपाशीपोटी चालवणार?"

कंट्रोलरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. (पुढे सगळा अंधार झाला तो ह्याच प्रकाशामुळे.) थांबा! विमान सव्वातीन तासांनी लेकीच्या गावाच्या अगदी अलीकडे कुठेतरी टेकणार, दोन तास तिथे उभं राहणार, आणि मग पाच मिनिटांत लेकीच्या गावाला जाणार. अंतरही जुळलं, वेळही जुळली. आणि सगळं जुळल्यावर त्यांना दरदरून घाम फुटला.

कारण मधले थांबे आणि बाई यांचं जुनं वाकडं होतं. लग्नाच्या नवलाईत दोघं बसने निघाले असताना एका थांब्यावर बाई तोंड धुवायला म्हणून उतरल्या आणि परत चढल्या त्या तशाच रंगाच्या दुसऱ्या गाडीत. ती उलट्या दिशेला गेली. त्या कंट्रोलरांना संध्याकाळी सापडल्या, तेव्हा एका अनोळखी कुटुंबात पाटावर बसून वाटाणे सोलत होत्या आणि त्या घरच्या सुनेला चार गोष्टी सांगत होत्या. बसचं ठीक आहे, एक चुकली तर मागून दुसरी येते. पण विमान?

"इकडे बघ," ते म्हणाले. "नीट ऐक. सव्वातीन तासांनी विमान खाली उतरेल. ते आपलं गाव नव्हे. तो मधला थांबा. तिथे उतरायचं नाही."

एरवी बाईंनी ताबडतोब वाद घातला असता. त्या नुसत्या बघत राहिल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मला? मला कोणी सांगायला हवं?"

"आणि सगळेच उतरले तर?"

"उतरू देत. लोक पाय मोकळे करायला उतरतात. त्यांच्यामागे गेलीस की संपलं."

"विमानातली बाई उतरा म्हणाली तर?"

"त्यांना झाडू मारायचा असतो. आमचे कंडक्टर हेच करतात. 'गाडी पुढे जाणार नाही' अशा थापा मारतात आणि पाच मिनिटांत घंटी देतात. तू जागची हलायचं नाहीस. पावणेतीनच्या आत कुणी काहीही सांगो. आणि फोन बंद ठेव, बॅटरी उतरली तर लेकीला शोधशील कशी?"

"बरं," बाई म्हणाल्या.

खरं तर कंट्रोलरांनी तिथेच सावध व्हायला हवं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात हा शब्द बाईंच्या तोंडून कधी निघाला नव्हता. पण आपला सल्ला पटला या आनंदात त्यांचं लक्ष बाईंच्या हातांकडे गेलं नाही. बॅगेवर बसल्या बसल्या त्यांनी दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते.

सकाळी विमानतळाच्या काचेच्या दारापाशी दोघं उभे राहिले. आत फक्त तिकीटवाल्यांना प्रवेश होता. बाई आत गेल्या, चार पावलांवरून परत आल्या आणि दाराबाहेर मान काढून म्हणाल्या, "दूध उतू घालवू नका." पुन्हा गेल्या, पुन्हा आल्या. "रात्री मागचं दार लावा." तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा त्यांना काही सांगायचं नव्हतं. नुसत्या उभ्या राहिल्या. कंट्रोलर काचेजवळ सरकले. काहीतरी बोलावं, धीर द्यावा असं फार वाटलं, आणि ते म्हणाले,

"मधल्या थांब्यावर..."

"नाही उतरत," बाई म्हणाल्या आणि गर्दीत दिसेनाशा झाल्या.

कंट्रोलर थेट स्थानकावर गेले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. बाहेरून विमानाचा आवाज आला की ते केबिनमधून डोकं काढून वर बघत. दोन नंबरच्या फलाटावरची गाडी त्यांनी सहा नंबरला लावली. तिथले उतारू धावत दोनवर गेले आणि दोनवरचे सहावर, आणि मधे त्यांची टक्कर झाली. दुपारी पाऊण वाजता त्यांनी घड्याळाकडे बघून सुस्कारा सोडला. "टेकलं थांब्याला," ते स्वतःशीच म्हणाले. मग बाई आता काय करत असतील याचं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर आलं. लोक उतरतायत, बाई बसल्यायत. शाबास. नाहीच उतरल्या. की उतरल्या? तोंड धुवायला उतरल्या असतील तर?

त्यांनी डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि बंद करून ठेवला.

ते माईक चालू करून दीडची गाडी पुकारत होते, तेवढ्यात मोबाइल वाजला. लेक होती.

"बाबा, आई कुठेय?"

"येतेय की. अजून पावणेतीन कुठे वाजलेत?"

"पावणेतीन कधीच वाजून गेले!"

"मग घड्याळ दुरुस्तीला टाक."

"बाबा! साडेतीन वाजलेत इथे!"

"इथे दीड वाजलाय, बाळ. आत्ता दीडचीच गाडी पुकारतोय."

"हो, तेच! इथलं घड्याळ दोन तास पुढे असतं ना!"

कंट्रोलरांनी केबिनमधल्या घड्याळाकडे पाहिलं. हरवलेले दोन तास सापडले होते. कुणी चोरले नव्हते. लेकीच्या घरातल्या भिंतीवर टांगलेले होते. गेली तीन वर्षं ते तिला फोन करत होते आणि दरवेळी ती जेवून बसलेली असायची. लग्नानंतर पोरीला शिस्त लागली, लवकर जेवते, असं ते कौतुकाने सांगत फिरत होते.

"बाबा, विमान वेळेवर आलं," लेक सांगत होती. तिचा आवाज कापत होता. "सगळे लोक बाहेर आले. हे काउंटरवर चौकशी करून आले. आईची बॅग आत पट्ट्यावर एकटीच फिरतेय म्हणे. आईचा फोन बंद आहे. तुम्ही बोलत का नाही? ती विमानात बसली होती ना?"

"बसली होती," कंट्रोलर म्हणाले. "म्हणजे, बसलीच आहे."

"कुठे?"

"विमानात. अगं, मीच सांगितलंय तिला, उतरू नकोस म्हणून. मला वाटलं, मधला थांबा आहे."

 मग लेक म्हणाली, "बाबा..." आणि तो सूर हुबेहूब तिच्या आईचा होता.

"तू आधी बस बघू कुठेतरी," कंट्रोलर घाईघाईने म्हणाले. "उभी राहू नकोस. मी बघतो काय करायचं ते." काय करायचं ते त्यांना अजिबात ठाऊक नव्हतं. पण असं म्हणायची सवय होती.

त्यांनी बाईंना फोन लावला. बंद. अर्थात बंद. बंद ठेवायला कोणी सांगितलं होतं? मग विमान कंपनीचा मदतीचा नंबर लावला. एक गोड आवाज म्हणाला, तिकीट काढण्यासाठी एक दाबा, रद्द करण्यासाठी दोन दाबा, हरवलेल्या सामानासाठी तीन दाबा. कंट्रोलरांनी शेवटपर्यंत ऐकलं. बायकोसाठी कुठलंच बटण नव्हतं. त्यातल्या त्यात जवळचं म्हणून त्यांनी तीन दाबलं.

"नमस्कार सर," एक मुलगी म्हणाली. "आपलं काय हरवलंय त्याचं वर्णन सांगाल का? रंग?"

"सावळा," कंट्रोलर म्हणाले.

"आकार?"

"मध्यम. म्हणजे, आता थोडा मोठा."

"चाकं आहेत का?"

"चाकं कशी असतील? गुडघे आहेत, तेही दुखतात."

"सॉरी सर? आत काय काय होतं?"

"सकाळी नुसता चहा घेऊन निघाली होती."

"सर, मी बॅगेबद्दल विचारतेय."

"आणि मी बायकोबद्दल सांगतोय! ती तुमच्या विमानात बसून राहिलीय. तिला कुणीतरी सांगा की आलं म्हणून!"

"सर, प्रवाशांच्या चौकशीसाठी आपल्याला मुख्य मेनूवर परत जावं लागेल."

"मुली, ते विमान आता तिथेच उभं राहणार आहे ना? तेवढं तरी सांग."

तिने कुठेतरी पाहिलं असावं. "नाही सर, थोड्याच वेळात ते पुढच्या प्रवासाला निघेल."

"पुढच्या? म्हणजे किती लांब?"

"साडेपाच हजार किलोमीटर, सर. आणखी काही मदत करू शकते का?"

कंट्रोलर खुर्चीत बसले, म्हणजे हातपाय गळाले आणि खुर्ची खाली होती. साडेपाच हजार! तिथली भाषा कुठली, माणसं कशी, घड्याळ किती पुढे, काही पत्ता नाही. आणि बाई तिथे नेऊन सोडल्या जाणार. पर्समध्ये एक पाण्याची बाटली, गुडघ्याचं मलम आणि बंद केलेला फोन. इकडे लेक विमानतळावर जड अंगाने ताटकळत उभी. आणि हे सगळं कशामुळे? कुणी विचारलं नसताना आपण अंतर मोजलं म्हणून. त्यांना बाई दिसू लागल्या. रिकाम्या विमानात, पर्स मांडीवर, पाठ ताठ, दोन्ही हात एकमेकांत धरलेले.

"नको ऐकूस," ते पुटपुटले. "आजवर माझं एक ऐकलं नाहीस. घर घेताना ऐकलं नाहीस, पोरीचं लग्न ठरवताना ऐकलं नाहीस, मिठाचं पथ्य सांगितलं तर दोन चिमट्या जास्त टाकल्यास. मग आजच कशाला ऐकलंस? देवा, हिने माझं ऐकलेलं नसू दे रे!"

मान वर केली, तर केबिनच्या काचेला नाकं लागलेली. फलाटावरचे उतारू, ड्रायव्हर, कंडक्टर, सगळे. माईकचा लाल दिवा जळत होता. लेकीच्या फोनपासून तो कुणी बंदच केला नव्हता, आणि सावळा रंग, दुखरे गुडघे आणि देवाची आळवणी सगळ्या स्थानकाने कर्ण्यावरून स्पष्ट ऐकली होती. एकही गाडी सुटली नव्हती. कंडक्टरांनी घंट्या दिल्या नव्हत्या. उतारूंनी देऊ दिल्या नव्हत्या.

गाठोडं काखेत मारलेली एक म्हातारी खिडकीच्या भोकाशी आली. "साहेब, बायको लग्नाचीच ना?" तिने विचारलं.

"हो."

"मग घोर लावून घेऊ नका. नाही ऐकायची ती."

"माझी तर ऐकतच नाही," मागून कुणी तरी म्हणालं. "माझीही नाही," दुसरा म्हणाला. बघता बघता फलाटावरच्या सगळ्या नवऱ्यांनी आपापले दाखले दिले. बुलेट आत येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "साहेब, मी थांबा म्हटलं, पण दोन तासांचा थांबा आमच्या गाडीलाही नसतो." (हे त्याला आदल्या संध्याकाळी सुचलं असतं तर!) कंट्रोलरांना एवढ्या माणसांचा आधार वाटला, पण काळीज जागेवर येईना. ते लेकीला लावत होते, लेकीचा फोन लागत नव्हता. जावयाला लावत होते, जावई उचलत नव्हता. पोरीलाच तिथे काही झालं की काय, हा विचार मनात आला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

मग फोन वाजला. नंबर जावयाचा होता. आवाज बाईंचा.

"अहो, पोचले."

कंट्रोलर खुर्चीतून उठले. "उतरलीस?" एवढंच म्हणाले.

"उतरले आता. पण तुम्ही सांगितलं तस्संच केलं हं मी. सगळे उतरले, मी बसले. ती विमानातली मुलगी आली, म्हणाली, मावशी, चला. मी म्हटलं, मी मधल्या थांब्यावर उतरत नाही. ती म्हणाली, हेच शेवटचं. मी म्हटलं, बाई गं, मला थापा मारू नकोस. मगाशी विमान टेकल्यावर पावणेतीन वाजले म्हणून कर्ण्यावर सांगितलंत, आणि माझ्या घड्याळात पाऊण! लोकांना उतरवायला इतकं खोटं बोलावं का? झाडू मारायचा तर मार, मी पाय वर घेते."

"मग?"

"मग ती आणखी दोघींना घेऊन आली. मी म्हटलं, माझे मिस्टर कंट्रोलर आहेत, त्यांची सक्त सूचना आहे, दोन तास हलायचं नाही. तर काय हो, तिघी एकदम गंभीर झाल्या! आत पळाल्या आणि पायलटलाच घेऊन आल्या. चांगला उंचापुरा माणूस. टोपी काढून म्हणाला, मॅडम, कंट्रोलरसाहेबांनी नेमकी काय सूचना दिलीय? विमानात काही धोका आहे का? मी म्हटलं, ते मला ठाऊक नाही, पण त्यांनी सांगितलं म्हणजे कारण असणार. त्यांचा हिशेब चुकत नाही. मग तो फोनवर कुणाकुणाशी बोलला. दोन माणसं बॅटऱ्या घेऊन चाकांखाली वाकून बघून आली. मला कॉफी दिली."

कंट्रोलरांनी डोळे मिटून घेतले.

"मग त्याने विचारलं, साहेब कुठल्या टॉवरला असतात? मी म्हटलं, टॉवर कसला, चार नंबरच्या फलाटाशेजारची केबिन. त्याने टोपी पुन्हा डोक्यावर घातली."

"अगं, पण उतरलीस कशी मग?"

"एक मुलगी धावत आली. तुमच्या जावयांनी बाहेर काउंटरवर हात जोडून निरोप पाठवला होता. ती म्हणाली, 'मावशी, तुमच्या लेकीचा निरोप आहे, बाबांचं चुकलंय.' हे ऐकलं मात्र आणि मी लगेच उठले. म्हटलं, निरोप घरचाच आहे."

स्थानकावर एकच हशा उसळला. (लाल दिवा अजून जळत होता. फोन स्पीकरवर टाकायचं काम बुलेटने केलं होतं, उतारूंच्या आग्रहाखातर.)

"एवढे कोण हसतायत?" बाईंनी विचारलं.

कंट्रोलरांनी माईकचा खटका आधी बंद केला. मग फोन कानाला लावून काचेकडे पाठ केली. "पोरगी कशी आहे?"

"बरी आहे. मला बघून रडली, मग हसायला लागली, आता हसू थांबत नाही म्हणून बसवून ठेवलंय."

"तू... तू ऐकलंस कसं माझं?"

 "घाबरले होते हो," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "एवढं मोठं ते धूड, एवढ्या उंचावर. काही सुचत नव्हतं. म्हटलं, गाड्यांमधलं तुम्हाला कळतं. तुम्ही सांगितलंय तेवढं धरून बसावं."

 कंट्रोलरांनी चष्मा काढून पुसला, तो घालायचा विसरले आणि तसेच पुढची गाडी पुकारायला बसले. त्या दिवशी त्यांच्या स्थानकावरून एकूण एक गाडी उशिरा सुटली आणि एकाही उतारूने तक्रार केली नाही.

पंधरवड्यात लेकीला मुलगी झाली. आजोबांना रजाही मिळाली, उलट साहेबच म्हणाले, जा बाबा, तुमच्याशिवाय गाड्या सुटतात का ते आम्हीही बघतो. तिकीट जावयाने पाठवलं. कंट्रोलरांनी यावेळी अंतर बघितलं नाही, वेळ बघितली नाही. सरळ विमानतळावर गेले. तिथे खिडकीतल्या मुलीने त्यांचं नाव संगणकात पाहिलं आणि ती एकदम प्रेमळ झाली.

"आजोबा, तुम्ही इथेच बसा. कुठे जाऊ नका हं."

तिने टेबलाखालून एक पिवळा पट्टा काढला आणि त्यांच्या गळ्यात अडकवला. पट्ट्याला प्लॅस्टिकचं पाकीट, पाकिटात त्यांचं नाव, लेकीचं नाव, फोन नंबर. शेजारी एक सहा वर्षांची मुलगी असाच पट्टा घालून बसली होती. तिने त्यांना विचारलं, "तुम्ही पण एकटेच?"

"हे काय आहे?" कंट्रोलर खिडकीतल्या मुलीवर उखडले. "मी गाड्या सोडतो! मी तुमच्या जन्माआधीपासून लोकांना रस्ते दाखवतोय!"

"हो ना आजोबा. पण तुमच्या घरच्यांनी ही सेवा मुद्दाम मागून घेतलीय. एकट्याने प्रवास करणाऱ्या लहान मुलांसाठी असते. नियमात बसत नव्हतं, पण तुमच्या मिसेसनी फोन करून सगळं समजावून सांगितलं, मग आमच्या साहेबांनी खास परवानगी दिली."

विमानात त्यांना सर्वांत आधी बसवलं. उतरताना हात धरून उतरवलं. सहा वर्षांच्या मुलीने त्यांना रंगवायला आपले दोन खडू दिले. बाहेर दारापाशी लेक उभी होती, जावई उभा होता, आणि बाई नातीला खांद्यावर घेऊन सर्वांत पुढे उभ्या होत्या. कंट्रोलरांना इतक्या दिवसांनी त्या दिसल्या आणि त्यांचा सगळा राग विरघळला. ते पुढे झेपावले. पण बरोबरच्या कर्मचारी मुलीने त्यांना पट्ट्याला धरून थांबवलं.

"एक मिनिट हं आजोबा. मॅडम, आधी इथे सही करा, मिळाले म्हणून."

बाईंनी नात लेकीकडे दिली. पेन घेतलं. कंट्रोलरांना टकलापासून बुटांपर्यंत एकदा नीट न्याहाळलं, मागे वळायला लावून पाठ बघितली आणि पेन कागदावर टेकवत त्या मुलीला विचारलं,

"बदलून मिळतात का?"